बंगळूरभोवतालचा दुर्गप्रदेश : डोंगर, तळी आणि मराठी सत्ता

मराठी इतिहासलेखनात बंगळूरचे नाव बहुधा दोन प्रसंगांनी येते. एक, शहाजीराजांची कर्नाटकातील जहागीर. दुसरा, १६४०-४२ च्या सुमारास बाल शिवाजीराजांचे तेथील वास्तव्य. दोन्ही प्रसंगांत बंगळूर म्हणजे एक दरबारी शहर असते. साहित्याचा अभ्यासक या शहराकडे वळतो तोही जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’मुळे. राजवाड्यांनी १९२२ साली हा ग्रंथ विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला आणि बंगळूरच्या बहुभाषिक कविसभेचे चित्र मराठी वाचकांसमोर उभे राहिले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही ‘बिंगरूळ’ येते, केंपगौडाशी झालेले युद्ध येते. परंतु या शहराच्या तिन्ही बाजूंना पसरलेला जो डोंगरी मुलूख, ज्याच्या आधाराने हे शहर वसले आणि ज्याच्या पाण्यावर ते जगले, त्याची स्वतंत्र दखल मराठीत फारशी घेतली गेलेली नाही.

प्रस्तुत निबंधात या डोंगरी मुलखाचा भूगोल, इतिहास आणि जनजीवन यांचा एकत्र विचार केला आहे. तो करताना एक प्रश्न मुख्यत्वे डोळ्यांपुढे आहे. डोंगर म्हणजे किल्ला आणि किल्ला म्हणजे राज्य, हे मराठी मनात पक्के बसलेले समीकरण आहे. सह्याद्रीत ते खरे ठरले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने त्याला राज्यशास्त्राचे रूप दिले. तेच समीकरण घेऊन आपण बंगळूरभोवतालच्या दुर्गांकडे पाहू लागलो तर काय दिसते? आणि काय दिसत नाही?

प्रथम भूमी पाहू. म्हैसूरच्या पठाराची ही पूर्व बाजू समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे. तिच्यावर अचानक, कोणत्याही रांगेची चाहूल न देता, प्रचंड शिलाखंड उभे राहतात. उत्तरेस नंदी (सुमारे ४८५० फूट), वायव्येस शिवगंगा (सुमारे ४५०० फूट) व त्यापलीकडे तुमकूरजवळचे देवरायनदुर्ग, पश्चिमेस मागडीजवळचा सावनदुर्ग (सुमारे ४००० फूट), नैऋत्येस हुत्रीदुर्ग, हुलियूरदुर्ग आणि रामनगरचे डोंगर, दक्षिणेस कनकपुऱ्याकडील कब्बाळदुर्ग. दोड्डबळ्ळापूरजवळचा माकळीदुर्ग आणि तुमकूर रस्त्यावरील निजगल हेही याच कुळातले. यांपैकी पश्चिमेकडील डोंगर ज्या ग्रॅनाइटच्या लांबट पट्ट्यात मोडतात त्याला भूगर्भशास्त्रज्ञ ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. क्लोजपेट हे रामनगरचे जुने नाव. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूरला रेसिडेंट असलेल्या बॅरी क्लोज याच्यावरून पडलेले. मराठी वाचकाने हे डोंगर पाहिलेले नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. १९७५ साली आलेल्या ‘शोले’ या चित्रपटातील रामगढ ते हेच.

सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. थरांमुळे त्याला कडे आणि टप्पे आले. टप्प्यांवर माची वसली, माथ्यावर बालेकिल्ला आला, थरांच्या सांध्यांत पाण्याची टाकी खोदता आली. बंगळूरभोवतालचा डोंगर याहून मुळातच वेगळा आहे. तो एकसंध आहे, अंगाने गोलसर आहे, उघडा आहे. सावनदुर्गासारख्या शिळेवर माती टिकत नाही, म्हणून वस्ती टिकत नाही. पाणी मिळते ते खडकातील नैसर्गिक खळग्यांत. त्यांना कन्नडमध्ये ‘दोणे’ म्हणतात. मराठीतील ‘डोण’ शब्द येथे सहज आठवतो. अशा डोंगरावर शे-दोनशे माणसे काही महिने तग धरू शकतात. तेथे राजधानी वसणे अवघड. या प्रदेशाच्या राजकारणाचे बरेचसे रहस्य या एका भौतिक गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

हे डोंगर नद्यांना जन्म देतात हीही गोष्ट तितकीच महत्त्वाची. नंदीच्या परिसरातून उत्तर पिनाकिनी (पेन्नार), दक्षिण पिनाकिनी, चित्रावती आणि अर्कावती या नद्या निघतात. पूर्वेकडील त्याच डोंगराळ भागातून पालार वाहू लागते. देवरायनदुर्गाकडून शिंषा व जयमंगली निघतात, शिवगंगेहून कुमुद्वती निघते आणि ती पुढे अर्कावतीस मिळते. म्हणजे काही कोसांच्या आत पाणी उत्तरेस आंध्रकडे, पूर्वेस तमिळ देशाकडे आणि दक्षिणेस कावेरीकडे वाटले जाते. मात्र यांतील एकही नदी येथे मोठी नाही. जन्मस्थानी नदी ही ओढाच असते, आणि सह्याद्रीसारखा धो-धो पाऊस नसल्याने हे ओढे वर्षभर वाहत नाहीत. वर्षाला सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटर पडणारे पाणी अडवून धरणे एवढाच मार्ग येथल्या माणसापुढे होता. म्हणून डोंगराच्या पायथ्यापासून एकाखाली एक अशी तळ्यांची माळ या मुलखात ओवली गेली. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्याला पाणी देई.

या तळ्यांचे शब्दभांडार स्वतंत्र आहे. तळे म्हणजे ‘केरे’, त्याचा सांडवा म्हणजे ‘कोडी’, पाणी सोडण्याची मोरी म्हणजे ‘तूबु’, पाट म्हणजे ‘काल्वे’. पाण्याची पाळी सांभाळणारा माणूस तो ‘नीरगंटी’. आपल्याकडे खानदेशातील फड पद्धतीत पाटकऱ्याचे जे स्थान, तेच येथे नीरगंट्याचे. त्याचा मोबदलाही पिकातून मिळे. तळे राखील तो पाणी चाखील ही म्हण येथे अक्षरशः खरी होती. जुन्या कोरीव लेखांत तळे बांधणाऱ्यास वा दुरुस्त करणाऱ्यास तळ्याखालील जमीन करमुक्त दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. ‘बित्तुवट्ट’ आणि ‘कट्टु-कोडगे’ या संज्ञा त्याच व्यवहाराच्या. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या बंगळूर आणि कोलार जिल्ह्यांच्या खंडांत हे लेख संकलित केले. ते चाळताना एक गोष्ट ठसते : राजे बदलतात, घराणी बदलतात, तळ्याच्या दानाची भाषा फारशी बदलत नाही.

डोंगराचे मोल येथल्या राजांना प्राचीन काळापासून ठाऊक होते, पण ते वेगळ्या अर्थाने. पश्चिम गंग राजे स्वतःस कुवलालपुराचे म्हणजे कोलारचे स्वामी आणि ‘नंदगिरिनाथ’ म्हणवीत. नंदगिरी म्हणजे आजचे नंदी. डोंगराचे नाव बिरुदात, पण राहणे खाली कोलारच्या मैदानात. नंदीच्या पायथ्याच्या गावात भोगनंदीश्वराचे प्राचीन मंदिर आहे आणि माथ्यावर योगनंदीश्वराचे. संसारी देव खाली, विरागी देव वर! या जोडनावांत या प्रदेशाची सगळी व्यवस्थाच सांगितली आहे असे वाटते. देवरायनदुर्गावरही भोग-नरसिंह आणि योग-नरसिंह अशीच विभागणी आढळते. सावनदुर्गाच्या पायथ्याशी वीरभद्र व नरसिंह आहेत, कब्बाळच्या पायथ्याशी कब्बाळम्मा देवी आहे, शिवगंगेला तर दक्षिणकाशीच म्हणतात. जत्रा, बाजार, लग्ने, नवस हे सारे पायथ्याशी.

विजयनगरच्या उत्तरकाळात या मुलखावर पाळेगारांचा अंमल बसला. यांतील अनेक घराणी आपले मूळ नंदीजवळच्या आवती गावी नेतात. कांचीच्या बाजूने बैलगाड्यांतून आलेल्या सात मोरसु वक्कलिग कुटुंबांची कथा या घराण्यांत सांगितली जाते, आणि त्यांचा प्रमुख रणभैरेगौड मानला जातो. देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर, होसकोटे, यलहंका ही ठाणी या वक्कलिग प्रमुखांची. यलहंक्याच्या हिरिय केंपगौडाने १५३७ साली बंगळूरचा किल्ला व पेठ वसविली, हे सर्वज्ञात आहे. ही सर्व घराणी शेतकरी जातीतून वर आलेली होती, हे विशेष ध्यानात घ्यावे. त्यांनी तळी बांधली, पेठा वसविल्या आणि जवळचा एखादा डोंगर संकटकाळी आश्रय म्हणून बांधून ठेवला. डोंगर ही त्यांची कोठी होती, घर नव्हे.

अशा मुलखात १६३८ साली रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरचे सैन्य आले आणि त्यात शहाजीराजे होते. केंपगौडाने बंगळूर गमावले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे हे प्रदेश मिळून ‘कर्नाटक-विजापुरी-बालाघाट’ नावाचा प्रांत झाला व तो शहाजीराजांकडे आला. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पाईनघाट, ही विभागणी महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या कानाला ओळखीची होती. येथे मात्र घाट म्हणजे पूर्वघाट!

या विजयानंतर जी व्यवस्था लावली गेली तिच्याकडे मराठी अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पराभूत पाळेगारांना नामशेष न करता त्यांना त्यांच्या मोकळ्या मुलखातून उठवून आडबाजूच्या, डोंगराळ वा दूरच्या जागी बसविण्यात आले. बंगळूरच्या केंपगौडाकडे मागडी आणि सावनदुर्ग राहिला. होसकोट्याच्या प्रमुखास आनेकल मिळाले, कोलारच्या प्रमुखास पुंगनूर, शिऱ्याच्या नायकास रत्नगिरी, बसवापट्टणच्या नायकास तरीकेरे. राइस यांच्या गॅझेटियरात ही नोंद एका परिच्छेदात आहे. पण तिचा अर्थ फार मोठा आहे. विजापूरच्या आणि शहाजीराजांच्या दृष्टीने या देशातील धन डोंगरात नव्हते, ते तळ्यांच्या खाली आणि पेठांच्या आत होते. म्हणून मैदान स्वतःकडे घेतले गेले आणि डोंगर पाळेगाराला सोडला गेला.

याच दशकात पुण्याकडे शहाजीराजांचे चिरंजीव नेमके उलट करू लागले होते. तेथे मैदानी मुलूख आदिलशाहीचा आणि डोंगर त्यांचा. पित्याचे धोरण आणि पुत्राचे धोरण असा विरोध उभा करून त्यातून चरित्रात्मक निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. दोघेही आपापल्या भूमीला अनुसरून वागत होते. बेसॉल्टच्या डोंगरावर राज्य करता येते. ग्रॅनाइटच्या डोंगरावर फक्त लपता येते.

मराठी अंमल या मुलखात किती खोल झिरपला, याची एक कसोटी भाषा देते. विजापूर, मराठे आणि पुढे मोगल यांच्या अंमलात परगणा, समत, तर्फ, मौजे, मजरे ही विभागणी या भागात आली. देशपांडे, देशकुलकर्णी ही पदे आली. पण गावाचे हिशेब ठेवणारा मात्र ‘शानुभोग’च राहिला. उत्तर कर्नाटकात, धारवाड-विजापुराकडे, त्याच कामाला कुलकर्णी हा शब्द रूढ झाला. बंगळूर-म्हैसुराकडे तसे झाले नाही. म्हणजे मराठी दफ्तर परगण्याच्या कचेरीपर्यंत पोहोचले आणि गावाच्या वेशीवर थांबले. शहाजीराजांच्या मागून एकोजीराजांनी १६६९ साली दिलेल्या दानाचा शिलालेख बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वर मंदिराजवळ आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लिकार्जुन देवास दिल्याची ती नोंद. दान देणारा भोसल्यांच्या घरातला, आणि लेखाची भाषा कन्नड. या प्रदेशातील मराठी सत्तेचे याहून प्रामाणिक चित्र मला दुसऱ्या कोणत्याही साधनात आढळलेले नाही. ज्या गावात सत्ता चालवायची त्या गावाच्या भाषेत बोलायचे, हा शहाणपणा त्यात आहे. आणि आपण येथे वरून आलेले आहोत ही जाणीवही आहे.

शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मरण पावले. एकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांचे लक्ष कावेरीच्या सुपीक खोऱ्याकडे वळले. दक्षिण-दिग्विजयाच्या वेळी, १६७७-७८ मध्ये, शिवाजीराजांनी हा बालाघाट आपल्या ताब्यात आणला. पुढे भावाभावांत जो समेट झाला त्याच्या परंपरेने आलेल्या कलमांत बंगळूर, होसकोटे व शिरे हा मुलूख एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांस चोळीबांगडीसाठी दिल्याचे सांगितले जाते. चोळीबांगडीस देता येतो तो मुलूख उत्पन्नाचा असतो. राजगड-रायगडाच्या परिसरातील एखादा तालुका असा दिला गेला असता, याची कल्पनाही करवत नाही.

१६८६ मध्ये विजापूर पडले. तंजावरहून दूर पडलेले बंगळूर सांभाळणे एकोजीराजांना परवडणारे नव्हते. त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाख रुपयांस विकण्याचा व्यवहार ठरविला. तो पुरा होण्यापूर्वीच जुलै १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखान याने शहर घेतले आणि त्याच रकमेस ते म्हैसूरच्या स्वाधीन केले. सुमारे अर्धशतकाचा मराठी अंमल असा संपला. युद्धात पराभव होऊन तो संपला नाही, खरेदीखताने संपला. डोंगराचा आधार नसलेल्या सत्तेचा हा शेवट होता असे म्हणण्यास हरकत नाही. याउलट, ज्याला १६३८ साली डोंगरात ढकलले होते त्या केंपगौडाचे घराणे मागडी आणि सावनदुर्गाच्या आसऱ्याने आणखी चाळीस वर्षे टिकले. म्हैसूरच्या दळवायाने १७२८ साली मागडी जिंकून शेवटच्या केंपगौडास श्रीरंगपट्टणास नेले तेव्हा त्या घराण्याचा अंत झाला. बंगळूर गमावल्यानंतर नव्वद वर्षे! लपण्याच्या जागेवर राज्य करता येत नसले, तरी टिकाव धरता येतो.

अठराव्या शतकात मराठे पुन्हा आले, पण आता जहागीरदार म्हणून नव्हे. चौथाई वसूल करणारे म्हणून. १७५९ मध्ये गोपाळराव पटवर्धनांनी बंगळूरला वेढा दिला आणि तो वेढा मोडण्यात हैदरअलीचे नाव झाले. थोरल्या माधवरावांच्या स्वाऱ्यांत या प्रदेशातील डोंगर प्रथमच मराठी सैन्याच्या पूर्ण प्रत्ययास आले. त्यातील निजगलचा प्रसंग बोलका आहे. निजगल हा आजच्या दाबसपेठेजवळचा एक लहानसा दुर्ग. चढायला तासभरही लागत नाही. १७७० साली त्याच्या वेढ्यात पेशव्यांची फौज दीर्घकाळ अडकून पडली, नारायणराव जखमी झाले, आणि शेवटी दुर्ग हाती आला तो चित्रदुर्गच्या पाळेगाराने आणलेल्या बेडरांच्या हल्ल्याने. डोंगरी युद्धासाठी नावाजलेल्या सैन्याला येथल्या खडकावर येथल्याच माणसाची मदत घ्यावी लागली! त्याच मोहिमेत प्रकृती ढासळल्यामुळे माधवराव परत फिरले. मागे राहिलेल्या त्र्यंबकराव पेठ्यांनी मार्च १७७१ मध्ये हैदरचा जो मोठा पराभव केला, तो मेलुकोट्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तळ्याकाठी. मराठी इतिहासात ती लढाई ‘मोती तलाव’ म्हणूनच ओळखली जाते. या मुलखात मराठ्यांना विजय देणारी जागा तळे असावी, डोंगर नसावा, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटत राहिले आहे.

या डोंगरांचे मर्म जाणणारा एक मराठा सरदार होता, तो म्हणजे गुत्तीचा मुरारराव घोरपडे. गुत्तीपासून पेनुकोंडा, गुडीबंडेपर्यंतचे खडक त्याच्या हाती होते, आणि चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगाराला हैदरविरुद्ध त्याने साहाय्यही केले. हैदरने आधी त्याची दक्षिणेकडील ठाणी काढून घेतली आणि १७७६ मध्ये गुत्तीच घेतली. मुराररावाला कैद करून ठेवले ते कब्बाळदुर्गावर. हा दुर्ग हैदर-टिपूंच्या काळात कैद्यांसाठी कुप्रसिद्ध होता. तेथील पाणी व हवा एवढीच शिक्षा पुरेशी असे. मुरारराव तेथेच मरण पावला. कनकपुऱ्याकडे कब्बाळम्मेच्या जत्रेला जाणाऱ्या लोकांना समोरच्या खडकाचा आणि मराठी इतिहासाचा हा संबंध ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आपल्याला तो ठाऊक असावयास हवा होता.

१७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने २१ मार्चला बंगळूर घेतले, १९ ऑक्टोबरला नंदीदुर्ग पडला आणि २१ डिसेंबरला सावनदुर्ग. त्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने होते. लढाईच्या हकिगती पुष्कळ उपलब्ध आहेत, त्यांची पुनरुक्ती येथे नको. एवढेच नोंदवावे की सावनदुर्गाची दहशत त्याच्या तटांपेक्षा भोवतालच्या जंगलाची आणि तापाची होती. तोफांनी वाट मोकळी होताच अभेद्य म्हणून गाजलेला हा दुर्ग एका दिवसात पडला. त्यानंतर या डोंगरांचे लष्करी आयुष्य संपले. नंदीवर म्हैसूरचा कमिशनर मार्क कब्बन याने उन्हाळ्याचा बंगला बांधला. १९२७ आणि १९३६ मध्ये महात्मा गांधी तेथे विश्रांतीसाठी राहिले.

सैन्ये गेली तरी डोंगराच्या पायथ्याचा माणूस तेथेच होता. १८०० साली फ्रान्सिस बुकॅननने या भागातून प्रवास केला. मागडीच्या परिसरात त्याला लोहखनिज गाळणारे आणि पोलाद करणारे लोक भेटले. वारंवारच्या युद्धांनी झालेली ओसाडीही त्याने नोंदविली आहे. त्या ओसाडीत इतरांबरोबर मराठी फौजांचा वाटा मोठा होता, हे सत्य आपण सांगितले पाहिजे. कन्नड गावातल्या माणसाच्या दृष्टीने पेशव्यांची स्वारी म्हणजे पीक जाणे आणि कुटुंबकबिला घेऊन डोंगर गाठणे. आपल्या बखरींत ज्याला ‘मुलूखगिरी’ म्हणतात तिचे दुसरे टोक ते हे.

येथील शेतीचा कणा नाचणी, म्हणजे ‘रागी’. तळ्याखालच्या ओल्या जमिनीत भात आणि ऊस. डोंगरउताराच्या तांबड्या, भरड जमिनीत रागी. रागीच्या ओळींच्या अधूनमधून पावटा, तूर, मोहरी यांच्या ओळी टाकतात. त्या पद्धतीला ‘अक्कडी सालु’ म्हणतात. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे हा हेतू. कोकण-मावळातील नाचणीची भाकरी थापली जाते, येथला ‘मुद्दे’ उकडून गोळा करतात आणि न चावता गिळतात. धान्य तेच, पण डोंगर बदलला की हाताची क्रिया बदलते. पावट्याच्या, म्हणजे ‘अवरे’च्या, हंगामात थंडीच्या दिवसांत सारा मुलूख त्या वासाने भरून जातो. उघड्या माळांवर म्हैसूर संस्थानाच्या अमृतमहाल जातीच्या बैलांसाठी ‘कावल’ नावाची कुरणे राखलेली असत. माकळीदुर्गाजवळच्या घाटी सुब्रह्मण्य येथे डिसेंबर-जानेवारीत भरणारा गुरांचा बाजार अद्याप मोठा असतो. रामनगर, शिडलघट्टा, विजयपुरा या भागांत तुतीची लागवड आणि रेशीम हा शेतकऱ्याचा रोख पैशाचा आधार आहे. रामनगरचा कोशांचा बाजार तर देशभर प्रसिद्ध आहे. चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी खेळणी याच डोंगरांमधल्या मऊ, पांढऱ्या लाकडाची.

या जीवनात मराठी माणूस आहे का? आहे, परंतु त्याला शोधावे लागते. कन्नड लोक ज्यांना ‘अरे’ म्हणतात ते मराठे शेतकरी व शिपाईगडी यांचे वंशज आनेकल, होसकोटे, बंगळूर या भागांत पसरलेले आहेत. शहरात नामदेव शिंपी, भावसार, गोसावी मठ अशा खुणा आहेत. हैदरच्या काळात म्हैसूरचे हिशेब कन्नडबरोबर मराठीतही ठेवले जात. पण डोंगराच्या पायथ्याच्या गावात मराठी ही घरातली भाषा म्हणून राहिली, तीही कन्नड-तेलुगूच्या सरमिसळीने बदललेली. तिचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा आणि तो लवकर व्हावयास हवा. कारण ती बोलणारी पिढी शहराकडे निघाली आहे आणि शहरच तिच्या गावापर्यंत येऊन ठेपले आहे.

देवनहळ्ळीजवळ २००८ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून नंदीच्या पायथ्याची जमीन पिकाच्या हिशेबाने मोजली जाईनाशी झाली. चिक्कबळ्ळापूर आणि रामनगर हे २००७ मध्ये स्वतंत्र जिल्हे झाले, दगडखाणी वाढल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे स्फोटकांच्या अपघातात सहा माणसे दगावली, तेव्हा खाणींची चर्चा काही दिवस झाली. ज्या ग्रॅनाइटवर कधी तोफा डागल्या जात त्याच ग्रॅनाइटच्या लाद्या आता शहरातल्या स्वयंपाकघरांत ओट्यांवर बसविल्या जातात. काही ठिकाणी उलट प्रयत्नही झाले. रामनगरच्या रामदेवरबेट्टावर लांब चोचीच्या गिधाडांसाठी २०१२ मध्ये अभयारण्य घोषित झाले.

सर्वांत मोठा बदल पाण्यात झाला. बंगळूरला नळाचे पाणी प्रथम मिळाले ते अर्कावतीचे : १८९० च्या दशकात हेसरघट्टाहून, आणि १९३३ पासून अर्कावती-कुमुद्वतीच्या संगमावरील तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयातून. म्हणजे नंदी आणि शिवगंगा या दोन डोंगरांनी आधुनिक बंगळूरची तहान प्रथम भागविली. १९७४ पासून कावेरीचे पाणी वर चढवून आणले जाऊ लागले आणि शहराला डोंगराची आठवण राहण्याचे कारण उरले नाही. अर्कावतीच्या वरच्या खोऱ्यात विंधनविहिरी खोल गेल्या, निलगिरीची लागवड वाढली, तळ्यांना जोडणारे पाट बुजले, कोडीवरून पाणी पडणे थांबले. तळ्यांची माळ मध्येच तुटली की खालचे सगळे मणी कोरडे पडतात. नीरगंट्याला पाळी देण्यासाठी पाणी राहिले नाही, आणि ते पदही बहुतेक गावांतून नाहीसे झाले.

२०१८ पासून बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातील सांडपाणी प्रक्रिया करून नळांनी कोलारच्या तळ्यांत सोडले जाते. पुढे चिक्कबळ्ळापूरसाठीही हेब्बाळ-नागवार खोऱ्यातून तशीच योजना आली. शतकानुशतके नंदीच्या उतारावरून पाणी खाली येत असे. आता ते शहरातून, वापरून झाल्यावर, उलट दिशेने डोंगराकडे चढविले जाते. कोलारच्या बाजूची कित्येक वर्षे कोरडी पडलेली तळी त्यामुळे पुन्हा भरली आहेत. विहिरींना पाणी वाढले असे सांगणारे शेतकरी आहेत, आणि ते पाणी पिण्यासारखे नाही म्हणून तक्रार करणारेही आहेत.